तोबितांचं घड्याळ

आधीच सांगून ठेवतो, ह्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात दोन जपानी व्यावसायिक खेळाडूंचा सामना मी एका बोटानं फिरवला होता.

"एका बोटानं?" सूनबाई विभावरी हसली. शुक्रवारची जेवणं उरकून आम्ही शारजाच्या फ्लॅटात बसलो होतो. आमची ही, वासंती, मेथी निवडत होती.

"पंच्याण्णव साल. माझ्या जपानी कंपनीनं 'गो' ह्या पटखेळाचा सामना ठेवलेला. पटावर काळे-पांढरे खडे मांडायचे, जागा बळकावायची. माणसं सातही अमिरातींतून आलेली. पहिल्या रांगेत एका शेखसाहेबांचा ससाणा!"

वासंती मेथी निवडत राहिली. तीही त्या हॉलात होती, पण माझे ससाणे ती सोडून देते.

"एकीकडे म्हातारे तोबिता, समोर कोवळा हामानो. तोबितांनी जाहीर केलेलं, आज हरलो तर खेळ सोडीन. आणि घड्याळावर मी."

"तुम्ही का पण?"

"साहेबाला वाटलं, मराठी माणूस वेळेचा पक्का. दोन तबकड्यांचं घड्याळ गं. आपण आपलं बटण दाबलं की समोरच्याची वेळ धावू लागते. मध्येच अजान झाली. ऑफिसात अजानला रेडिओ बंद करायची सवय, तसाच हात गेला आणि दोन्ही तबकड्या थांबवल्या. अजान संपली. पाळी हामानोची, म्हणून मी बटणही हामानोचंच दाबलं."

"अगंबाई! म्हणजे धावायला लागलं तोबितांचं?"

"हामानो विचारात गढलेला, तोबिता डोळे मिटून. तोबितांची वेळ संपली, पंचानं हात वर केला. खलास."

इथं मी पाणी मागितलं. अख्खा ग्लास संपवला.

"पण ते बोलले का नाहीत? अनफेअर आहे हे!"

"आपलं घड्याळ आपण बघायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तबकडीकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे. सगळं कळलं त्यांना. आणि हामानोपुढं मान लववून खडे गोळा करायला लागले."

"मग तुम्ही काय केलंत, अण्णा?"

माझ्याकडे चांगलं उत्तर असणारच, अशा नजरेनं ती बघत होती. मी दिलं.

"ताडकन उठलो! म्हटलं, स्टॉप, चूक माझी! हामानोही दिलदार, जिंकलेला डाव त्यानं परत केला. पुन्हा खेळले, आणि तोबिता अर्ध्या गुणानं जिंकले! त्यानंतर कित्येक वर्षं खेळत होते बघ."

मेथी निवडणारा हात थांबला.

"खोटं," वासंती म्हणाली. "तुम्ही खुर्चीतून उठलाच नाहीत. जाताना ते म्हातारे तुमच्यापुढं वाकून थँक्यू म्हणाले, आणि तुम्ही म्हणालात, 'वेलकम'."