माठातलं पाणी

सुकेशनीनं बरणीचं झाकण फिरवलं आणि चटकन नाक दाबून तोंड वळवलं. सडका, गोडसर भपकारा गारखेड्यातल्या त्या छोट्या लॅबभर पसरला. बरणीत सखूबाईच्या छातीतून काढलेली गाठ होती, भिजलेल्या पावासारखी फुगलेली, कडांनी सुटत चाललेली.

काय एकेक माणसं असतात! नमुना टिकवायचं औषध सांडून बसायचं आणि वर तोंड करून रिपोर्ट मागायचा. तिनं अर्ज ओढला आणि 'नमुना बाद' यापुढे कारण लिहून टाकलं: नातेवाइकांचा हलगर्जीपणा.

"या गाठीच्या पेशींवरची प्रथिनं तपासायची होती, बाबा," ती खिडकीतून खेकसली. "सखूबाईंना कोणतं औषध लागू पडेल, आजार उलटेल का, ते त्यावरून कळतं. आता काय तपासू? कुजलंय सगळं!"

खिडकीबाहेर सखूबाईचा नवरा मुंजाबा उभा होता. खुलताबादकडचा मेंढपाळ, पहाटेच्या एसटीनं आलेला.

"दुसरी गाठ नाय वो तिला. हीच व्हती."

"यातलं औषध कुठं गेलं?"

"वतून दिलं. तुमीच म्हनलात, इख हाय त्ये."

सुकेशनीला शनिवार आठवला. मुंजाबा दवाखान्यातून बरणी घेऊन आला तेव्हा लॅब बंद करायची घाई होती. बरणी गळून म्हाताऱ्याचे हात ओले झाले होते. "विष आहे ते, हात लावू नका! सोमवारी आणा," एवढं ओरडून तिनं खिडकी लावून घेतली होती.

"तिच्या आंगचं मांस इखात कसं ठिवावं?" मुंजाबा म्हणाला. "टँकर आठ दिसाला येतो. तिच्या वाट्याचं प्यायाचं पानी व्हतं माठात, त्येच तिनं बरनीत वतलं. दोन डाव बदललं."

सुकेशनीनं पुन्हा नाक दाबून तोंड वळवलं. त्यानं घाईनं पिशवीतली बाटली पुढे केली.

"घोटभर घ्या ताई. त्याच माठातलं पानी हाय. चांगलं हाय."

तिनं बाटली मागे सारली. हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. नळ बराच वेळ वाहत होता. मग तिनं अर्ज उचलला आणि आपणच लिहिलेले ते दोन शब्द वाचले. तिला स्वतःचीच शिसारी आली. तरी खोडायला तिनं पेन उचललं नाही.

"इथं अंगठा लावा, बाबा."

कागद मळू नये म्हणून मुंजाबानं आधी अंगठा धोतराला नीट पुसला.

"कळंना आमाला," तो म्हणाला. "तुमाला लई तरास झाला, ताई."