लोअर गणित

मॅट्रिकला शाळेत पहिली आलेली अंजना कॉलेजात नाव घालायला अकोल्याला गेली आणि त्याच संध्याकाळी परत आली, तेव्हाच काय झालं असेल ते जगदेव मास्तरांनी ओळखलं.

थोड्या वेळानं तिचा बाप देवमन तिला घेऊन त्यांच्या ओसरीवर टेकला. मजुरीवर जाणारा माणूस.

"मास्तर, पोरीचे टक्के कमी हायेत का?"

"नाही. अठ्ठ्याहत्तर हायेत."

"मंग सायन्सले काहून घेऊन नाई राह्यले? बाबू म्हने, हिचं गणित लोअर हाय. आर्टले जा."

अंजना आठवीत आली तेव्हा यादीत तिच्या नावापुढं 'लोअर', म्हणजे बीजगणिताशिवायचं सोपं गणित, हा शब्द मास्तरांनीच लिहिला होता; ते घेतलेल्याला सायन्सला जाता येत नसे. मजुरांची पोरं अवघड गणितात नापास होतात, शाळेचा निकाल पडतो, असं हेडमास्तर उदयसिंगांचं म्हणणं. पोरीला कुणी विचारलं नव्हतं, बापाला तर नाहीच.

"कोनं लिहिलं हे?" देवमनचा आवाज चढला नव्हता. त्याचीच मास्तरांना भीती वाटली.

"वरूनच तसं येते."

अंजना त्यांच्याकडं एकटक बघत होती. हिनं ओळखलं, हे त्यांना कळून चुकलं.

अंजनाचं नाव आर्टला लागलं. पुढच्या आठवड्यात नव्या आठवीची यादी मास्तरांपुढं सहीला आली. तेवीस नावांपुढं 'लोअर' आधीच लिहिलेलं. त्यांत अंजनाची धाकटी बहीण केशर.

"सर, या खेपेले मायबापाले विचारू."

उदयसिंग हसले. "विचारा ना. मंग अंजनाच्या यादीवर कोनाची सही हाय, तेही सांगून टाका."

मास्तरांनी सही केली.

जुलैत केशर पहिल्या बाकावर बसू लागली. दिलेली गणितं सगळ्यांआधी सोडवून ती हात वर करी. एके दिवशी म्हणाली, "सर, शेजारच्या वर्गात बीजगणित चालू झालं. आमाले कवा?"

"पुढच्या वर्षी," मास्तर म्हणाले.

शनिवारी शाळा सुटताना देवमन फाटकाशी उभा होता. मागं वस्तीतली दहा-बारा माणसं. अंजनाच्या हातात गणिताची दोन पुस्तकं होती, एक केशरचं, एक शेजारच्या वर्गातलं. हेडमास्तर आधीच निघून गेले होते, त्यांच्या खोलीला कुलूप होतं.

"मास्तर," देवमन शांतपणे म्हणाला, "इकडं या. हे दोन्ही आमाले वाचून दाखवा."

मास्तर पायऱ्या उतरू लागले.