आल्प्सला न गेलेला घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. शेपूट शोधू नका. दाणे खाणारा आणि खिंकाळणारा तो घोडा वेगळा. मी लाकडी, दोन पायऱ्यांचा, माळ्यावरचे डबे काढायला घराघरांत ठेवतात तसला. माझं आयुष्य लोकांच्या तळपायांखाली गेलं, त्यामुळे मी माणसं चेहऱ्यावरून नाही, पावलांवरून ओळखतो. कोण घाईत आहे, कोण घाबरलंय, कोण उगाच आव आणतंय, ते मला टाचेवरून समजतं.

एका दाराचं लाकूड उरलं होतं, त्यातून माझा जन्म झाला. सुतार गल्लीतलाच होता. हात चांगला, पण माप डोळ्यांनीच घ्यायचा. म्हणून माझी पहिली पायरी झाली उंच आणि दुसरी ठेंगणी. मालकीणबाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, पहिल्याच पायरीला माणसाने उडी मारायची का?" सुतार म्हणाला, "होईल सवय, ताई." आणि खरंच झाली. फाटकाचा हिरवा रंग शिल्लक होता तो मला फासला, चारी पायांना रबरी टोप्या बसवल्या आणि मी कामाला लागलो.

माझी मालकीण पडदे शिवायची आणि लोकांच्या घरी जाऊन लावूनही द्यायची. गल्लीत सगळे त्यांना पडदेकाकू म्हणत. मी त्यांच्याबरोबर रिक्षात आडवा पडून गावभर फिरलो. दवाखान्याच्या खिडक्या पाहिल्या, शाळेच्या पाहिल्या, नव्या नवरीच्या खोलीच्याही पाहिल्या. काकूंचं उजवं पाऊल आधी यायचं, मग डावं, आणि वर गेल्यावर त्या जमिनीवर उभ्या असल्यासारख्या निवांत उभ्या राहायच्या. त्यांच्या स्वतःच्या बैठकीत मोठी खिडकी होती. माझ्या वरच्या पायरीवर उभं राहून हात उंचावला, की पडद्याची दांडी ज्या आकड्यात बसते तो आकडा बरोबर त्यांच्या बोटांना लागायचा. टाचा उचलाव्या लागत नसत. सुताराचं डोळ्यांचं माप तिथे मात्र अचूक बसलं होतं.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचे. ते माझ्यावर कधीच चढले नाहीत. उंचावर गेलं की त्यांचे डोळे फिरतात. घरातला बल्ब गेला तरी काकूच चढायच्या आणि काका खाली उभे राहून सूचना द्यायचे. बल्ब कुठल्या बाजूला फिरवायचा हे काकूंना ठाऊक नाही, असा त्यांचा पक्का समज होता.

मग काकू पडल्या. माझ्यावरून नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. कुणाच्या तरी घरी नुकत्याच पुसलेल्या जिन्यावरून घसरल्या. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शिवणाचं काम एका ओळखीच्या बाईंकडे गेलं आणि मी गेलो गॅलरीत. माझ्यावर कुंड्या मांडल्या. वर्षभर त्यांचं पाणी माझ्या अंगावर झिरपत होतं, आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वाईट वाटलं. का वाटू नये?

घरात तेव्हा औषधांच्या दुकानातून आलेलं एक कॅलेंडर होतं. त्याच्या एका पानावर बर्फाच्या डोंगरातून जाणारी लाल आगगाडी होती, आणि तिच्या खिडक्या थेट छपरापर्यंत गेलेल्या. महिना उलटला तरी काकूंनी ते पान उलटलं नाही. एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्या झाकल्या. ह्या खिडकीला बघा, पडदाच नाही. मला इथे बसायचंय."

काकूंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नव्हतं. काकांनाही आठवलं नसावं, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर आल्प्सचा भला मोठा नकाशा पसरला. नळांचे आराखडे काढलेला माणूस तो. रेल्वेच्या रेघा बघून त्यांना माहेरी आल्यासारखं झालं. फ्रान्सातून शिरायचं, स्वित्झर्लंडला गाडी बदलायची, पुढे लिश्टेनश्टाइन, ऑस्ट्रिया, खाली इटली, मग स्लोव्हेनिया आणि शेवट हंगेरीत. लिश्टेनश्टाइन एवढासा देश, की खिडकीत बसून शिंक आली तर बघायचा राहून जाईल. तरी काकांना तो हवाच होता. जागोजागी त्यांनी लाल पेन्सिलीने गोल केले. इथे जोड, इथे जोड, इथे पळत पलीकडच्या फलाटावर. नकाशा घडीचा असल्यामुळे सारखा गुंडाळायचा. चार कोपऱ्यांवर ते कप, चष्म्याची डबी, मिठाची बाटली असलं काहीबाही ठेवायचे. चहा सांडून अर्धी इटली पिवळी झाली.

तिकिटं काढायचं काम लेकीकडे होतं. ती दुसऱ्या गावी राहते, पण दर आठवड्याला येते. हुशार आहे, आणि काळजीने पोखरलेली आहे. तिने शोधून काढलं की बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये फलाटावरून सपाट आत शिरता येतं, पण डोंगरातल्या काही जुन्या डब्यांची पायरी उंच असते. ती म्हणाली, "आई, परक्या देशात तू पडलीस तर बाबा काय करणार? त्यांना स्वतःच्या घरात चहापावडर सापडत नाही." काका काहीतरी बोलणार होते, पण चहापावडर कुठे असते ते त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

मग लेकीने मला गॅलरीतून आत आणलं, पुसलं आणि अट घातली. "ह्याची पहिली पायरी तेवढीच उंच आहे. पुढच्या रविवारी मी येईन. कशालाही न धरता ह्याच्यावर चढून दाखव. चढलीस तर लगेच तिकिटं काढते. नाहीतर बाबा एखाद्या ग्रुपबरोबर जातील आणि तू माझ्याकडे राहायला ये."

मी आल्प्सची पहिली पायरी झालो होतो. कुंड्यांखालून एकदम आल्प्स.

काकू रोज सराव करू लागल्या. उजवं पाऊल माझ्यावर यायचं, त्यावर वजन पडायचं, गुडघा थरथरायचा आणि पाऊल पुन्हा खाली जायचं. "होईल," त्या म्हणायच्या. पुन्हा चढायच्या, पुन्हा उतरायच्या. काका वर्तमानपत्राआडून बघत असायचे. पान मात्र उलटत नसत. आठवडा अर्धा सरला आणि काकूंचं 'होईल' बारीक होत गेलं.

गुरुवारी सकाळी काकू व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेल्या. काकांनी मला उलटं केलं. मला वाटलं, पाय पुसतायत. त्यांनी रबरी टोप्या काढल्या, पट्टी लावून खुणा केल्या आणि करवत चालवली. तीन बोटं ह्या पायाची, तीन बोटं त्या पायाची. चारी पाय सारखे कापले, नकाशेवाल्याचा हात होता ना. टोप्या पुन्हा चढवल्या, भुसा झाडला आणि मला होतो तिथे उभं केलं. चार तुकडे उरले. चांगलं जड लाकूड टाकून देणं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी ते नकाशाच्या चार कोपऱ्यांवर ठेवले. नकाशा पहिल्यांदाच सरळ राहिला आणि काका खूश झाले. मी इकडे बुटका होऊन उभा.

संध्याकाळी काकू चढल्या. काही न धरता, पहिल्याच झटक्यात. तीन बोटांचा फरक डोळ्याला कळत नाही, आणि जिंकणाऱ्याला तर मुळीच कळत नाही. त्या उतरल्या, पुन्हा चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. त्यांच्या पावलात जुना भरवसा परत आला होता. काका टाळ्या वाजवत होते. मला त्यांचा मनस्वी राग आला. काकू कुठल्याशा डोंगरातल्या फलाटावर उभ्या आहेत, गाडी आलीय आणि पाय वर जात नाहीय, हे माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

रविवारी लेक आली. काकू तिच्यासमोर चढल्या आणि कमरेवर हात ठेवून वर उभ्या राहिल्या. लेकीचा जीव भांड्यात पडला. "काढते बाई तिकिटं," म्हणत ती कॉम्प्युटर उघडून टेबलाशी बसली. काकू म्हणाल्या, "तू काढ. तोवर मी धुतलेला पडदा लावते. वर्षभर दुसऱ्यांच्या हातांनी लागलाय, एक बाजू कायम लोंबते."

त्यांनी मला खिडकीखाली सरकवलं, पडदा खांद्यावर टाकला आणि वरच्या पायरीवर येऊन हात उंचावला. बोटं आकड्याला लागेनात. त्यांनी टाचा उचलल्या, गुडघा थरथरला, तरी लागेनात.

"ही दांडी कुणी वर सरकवली का?"

"नाही गं आई. वयाने माणूस थोडं आखडतं," लेक कॉम्प्युटरमधून डोकं न काढता म्हणाली.

"एका वर्षात तीन बोटं?" काकू म्हणाल्या. हाताने खिडक्या मोजलेली बाई ती, तिला तीन म्हणजे तीनच कळतात. त्यांनी वरून खाली पाहिलं. खाली टेबल होतं, टेबलावर नकाशा होता आणि नकाशाच्या चार कोपऱ्यांवर चार हिरवे ठोकळे होते. मग त्यांनी वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

त्या सावकाश उतरल्या आणि फ्रान्सवरचा ठोकळा उचलला. नकाशा गुंडाळला गेला. ठोकळ्याची खालची बाजू ताजी, पांढरी होती.

"अहो, हे काय आहे?"

"वजन," काका म्हणाले.

"कशाचं?"

काकूंनी ठोकळा त्यांच्यासमोर ठेवला. "तिकडे करवत घेऊन जाणार होता का? गाडी आली की खाली बसून पायरी कापणार होतात? आणि मी पडले असते म्हणजे?"

लेकीने कॉम्प्युटर मिटला. काकांनी तो ठोकळा उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "तू नापास झालेली मला बघवलं नसतं. आणि मला एकट्याला जायचं नव्हतं. त्या खिडकीत तू नसशील तर मी तिथे बसून काय बघू?"

काकूंचा आवाज खाली आला. "मग हात द्यायचा होता. पायरी कशाला कापलीत?"

"ही म्हणाली होती ना, कशालाही न धरता."

काकू लेकीकडे वळल्या. "आणि तू गं? न धरता गाडीत कोण चढतं? दाराला दांडा कशाला असतो? तुला चालायला शिकवलं तेव्हा मी म्हटलं होतं का, कशालाही न धरता चाल?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू जिन्यात पडलीस तेव्हा मी नव्हते तिथे," ती म्हणाली. "तेव्हापासून मला धास्तीच बसलीय." काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी तिकिटं निघाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याच सुताराला बोलावलं. आता तो चष्मा लावून टेपने माप घेतो. "घोड्याचे पाय कापणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय," असं काकांच्या तोंडावर म्हणाला. त्याने ते चार तुकडे सरस लावून बसवले आणि वरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या. माझी उंची मला परत मिळाली. नकाशावर पुन्हा कप आले.

काकू आता काकांच्या खांद्यावर हात ठेवून चढू लागल्या. आधी अख्खा पंजा असायचा, मग नुसती बोटं. नकाशाही त्यांनी हातात घेतला. "नळ टाकताना तुम्हीच म्हणायचात ना, जोड कमी तर गळती कमी? मग ह्या प्रवासाला एवढे जोड कशाला?" लाल गोल भराभर पुसले गेले. फ्रान्स, स्लोव्हेनिया, हंगेरी गळाले. राहिले स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटली. गाडी बदलायची तिथे बसून कॉफी पिण्याएवढा वेळ ठेवला. लिश्टेनश्टाइन मात्र वाचला, कारण तिथून जाताना कुणाला जागचं उठावंच लागत नव्हतं. सराव फक्त काकूंनी केला. काका म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?"

तिकिटं निघाली, बॅगा भरल्या आणि दोघं गेली. मी बंद घरात खिडकीखाली उभा राहिलो. कॅलेंडरवर अजून तेच पान होतं. मी रोज त्या गाडीची पायरी न्याहाळत होतो, पण चित्रात ती नीट दिसत नव्हती.

परत आल्यावर काकूंनी पहिलं काम काढलं ते पडद्याचं. लेक शेजारी उभी राहिली. तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवून काकू चढल्या, हात उंचावला आणि आकडा बोटांना लागला. टाचा माझ्यावर टेकलेल्याच होत्या.

वर उभ्या राहूनच त्या सांगू लागल्या. "डोंगरातलं एक लहानसं स्टेशन होतं. पायरी ह्याच्याएवढीच. दांडा धरला आणि चढले. वळून बघते तर तुझे बाबा खालीच. एक पाय वर, एक फलाटावर, डोळे मिटलेले. मग मी वरून हात दिला."

"बॅग जड होती," काका टेबलापाशी बसून म्हणाले.

"बॅगेत तुमचेच नकाशे होते."

काकूंनी पडदा लावला आणि लगेच पूर्ण बाजूला सारून बांधून टाकला. त्या उतरल्या तेव्हा काका उठून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पहिल्या पायरीकडे बघत म्हणाले, "हात दे गं जरा." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काकांचं पाऊल कळलं. ते थरथरत होतं. पण काकूंच्या हाताला धरून ते माझ्यावर टेकलं आणि टिकलं.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. आम्हाला कुंड्यांखाली कुजवू नका. रबरी टोप्या झिजल्या तर बदला. आणि घरात कुणाला पायरी जड जात असेल, तर करवत शोधू नका. जवळ जाऊन उभे राहा, तेवढं पुरतं.

आमच्याकडे आता बल्ब काका बदलतात. खाली उभं राहून सूचना द्यायचं काम काकूंकडे आलंय. एक हात मात्र काकांच्या पोटरीला धरलेला असतो.