माझ्या दातांची खूण

मी एक जुना चरक आहे, मित्रांनो. उसाचा नव्हे, कॉफीची लाल फळे सोलणारा. मोठ्या तळ्याच्या वर, डोंगरमाथ्यावर आमचे बाताक लोकांचे गाव आहे. बांबूच्या दाट कुंपणाच्या आत अकरा घरे, त्यांतली चार आता बंद असतात. सकाळी धुके इतके खाली उतरते की घरांचे खांब दिसेनासे होतात आणि छपरे तेवढी तरंगत राहतात. मी त्या खांबांच्या मध्ये, घराखालच्या मोकळ्या जागेत राहतो. धुके आले की मला वाटू लागते, आपण अजून फणसाचे झाडच आहोत, आणि पाने कुठे गेली म्हणून मी अंग चाचपू पाहतो.

ते झाड वाऱ्याने पडले, तेव्हा जोंगी नावाच्या सुताराने त्याचा बुंधा मागून घेतला. त्याची बहीण लामरिया या गावात दिलेली. तिच्या नवऱ्याने उतारावर नुकतीच कॉफी लावली होती. खालचे व्यापारी फळे तशीच पोत्यात भरून नेत आणि लामरियाला ते आवडत नसे. आपले दाणे आपण सोलावे, आपण धुवावे, असे तिच्या मनात होते. जोंगीने माझी लाट, म्हणजे फिरणारा लाकडी रूळ कातला, त्याच्यावर पत्रा ठोकला, आणि चौकोनी खिळ्याने त्या पत्र्यावर बारीक बारीक उंचवटे काढले. ते माझे दात. वर फळे ओतायला चाडे बसवले, बाजूला दांडा. मी तयार झालो त्याच आठवड्यात लामरियाला मुलगी झाली. तिचे नाव सोंदांग. तेव्हापासून सगळे गाव लामरियाला ‘सोंदांगची आई’ म्हणू लागले. तिचे स्वतःचे नाव फक्त जोंगीच्या तोंडी उरले.

ती वर्षे आठवली की माझे लाकूड अजूनही ओलसर होते. दिवसभर बायका फळे तोडत आणि संध्याकाळी टोपल्या घेऊन माझ्याभोवती जमत. फळ तोडले की त्याच दिवशी सोलावे लागते, नाहीतर आंबते. मी एका घराचा नव्हतो. सात घरांचा होतो. आज इथे, उद्या तिथे, असा माणसांच्या पाठीवरून फिरत असे. दांडा फिरवायला लामरियाचा धाकटा दीर मारिहोत पुढे यायचा आणि थोड्याच वेळात दमायचा. मग लामरिया म्हणायची, “भाऊजी, जोर हाताला लावा, नुसत्या मिशाच हलतायत.” बायका हसायच्या, आणि मारिहोतही हसत हसत दांडा सोडून द्यायचा. साली एकीकडे पडत, चिकट पांढरे दाणे दुसरीकडे घसरत. गोड वासाने सगळे अंगण भरून जाई. रविवारी मला सुटी असे. चर्चमधली गाणी धुक्यातून माझ्यापर्यंत येत, आणि कोणता आवाज कोणाचा हे ओळखत मी पडून राहत असे.

सोंदांग नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. तिला भाऊ नव्हता. आमच्याकडे जमीन मुलग्याकडे जाते, आणि मुलगा नसेल तर भाऊबंदांकडे. मारिहोत वाईट माणूस नव्हता. वहिनी कसते आहे तोवर उतार तिचाच, असे त्याने सर्वांसमोर सांगितले होते. ती थांबली की तो मारिहोतकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

मग एकेक घर बंद होऊ लागले. कोणी मेदान शहरात गेले, कोणी समुद्रापलीकडे. सोंदांगही शिक्षण संपवून मेदानला गेली आणि कॉफीच्या एका गोदामात दाणे निवडायच्या कामाला लागली. उरलेल्यांनी कॉफीच सोडली, आणि सात घरांऐवजी मी एकाच घराचा झालो. दिवसाला एक टोपली, कधी तीही नाही. एका कोंबडीने माझ्या चाड्यात अंडी घालायला सुरुवात केली. लामरिया ती काढून घ्यायची आणि माझ्या दांड्यावर हात ठेवून जरा वेळ उभी राहायची. मला त्या दिवसांत फार स्वप्ने पडत. स्वप्नात सगळ्या बंद घरांच्या शिड्यांवर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असत आणि माझा दांडा आपोआप फिरत असे.

एका सुगीच्या तोंडावर सोंदांग अचानक परत आली. त्याच आठवड्यात मारिहोतने वहिनीला सांगितले होते की पुढच्या वर्षी कॉफी काढून उतारावर कोबी लावायचा विचार आहे. वहिनी थकली आहे, झाडे म्हातारी झाली आहेत, आणि व्यापारीही गावचा माल नको म्हणतात. यातले काहीच खोटे नव्हते.

 आल्यावर तिसऱ्या दिवशी सोंदांग माझ्याजवळ बसली आणि तिने रुमालाची गाठ सोडून मूठभर वाळलेले दाणे आईपुढे धरले. गोदामात हजारो पोती येतात, ती सांगत होती. एका पोत्यातल्या दाण्यांवर नखाएवढी चंद्रकोरीसारखी चीर होती. अशी चीर तिने लहानपणापासून पाहिलेली. पोत्यावर गावाचे नाव नव्हते, तरी ते आपले आहे हे तिने ओळखले, आणि ते सगळे पोते बाजूला फेकले गेलेलेही पाहिले. चिरलेला दाणा धुताना आंबतो आणि सगळ्या पोत्याची चव बिघडवतो.

“आई, आपला चरक दाणा कापतो,” ती म्हणाली.

लामरिया एक दाणा उचलून त्याची चीर नखाने चाचपू लागली. मग हळूच म्हणाली, “तुझ्या मामासमोर हे बोलू नकोस. त्याच्या हातचं आहे ते.”

पण जोंगीमामा शिडीच्या पायरीवर बसला होता. तो आता बहिणीकडेच राहत असे. डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यामुळे त्याला उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हते.

“माझ्या हातचं आहे, म्हणून मलाच आधी सांगायचं,” तो म्हणाला. “लामरिया, तुला हे माहीत होतं?”

“होतं,” ती म्हणाली. “तू दुखावशील असं वाटलं.”

मित्रांनो, मलाही माहीत होते. प्रत्येक टोपलीत काही दाणे माझ्या दातांखाली कचकन वाजत, आणि तो आवाज सालींच्या आवाजात बुडून जाई. सगळ्यांनी माझे कौतुक केले होते. मला त्या कौतुकाची सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी मामाने मला सुटे केले. खिळे काढले, पत्रा मांडीवर घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्यातून रक्त आले. “चौकोनी खिळा,” तो पुटपुटला. “तरुण होतो. धार म्हणजे चांगलं काम, असं वाटायचं.” मग त्याने गोल टोकाचा लोखंडी तुकडा घेतला आणि एकेक उंचवटा ठोकून मऊ करू लागला. सोंदांग त्याचे बोट पुढच्या दातावर नेऊन ठेवायला गेली, तर त्याने तिचा हात बाजूला केला. “डोळे नकोत. अंगठा पुरे.” असे नऊ दिवस चालले. ठोके पडत होते आणि मी अर्धवट झोपेत होतो. मला वाटे, आपल्यावर पुन्हा पाऊस पडतो आहे, पानापानावर.

दहाव्या संध्याकाळी पहिली टोपली माझ्यात ओतली. लामरिया सूप घेऊन बसली आणि ओला दाणा न् दाणा बोटांत फिरवून पाहू लागली. पहिल्या शंभरांत दोनच चिरलेले निघाले. तिने ते दोन भावाच्या तळहातावर ठेवले.  त्याने हात मिटून घेतला.

सोंदांग काकाकडे गेली आणि एक सुगी मागितली. मारिहोतने तिला बरेच विचारले म्हणतात. लग्न करून दुसऱ्या कुळात जाशील तेव्हा काय, असेही विचारले. तिने उत्तर दिले की ते तिला आज माहीत नाही, पण तोडणी संपताच झाडांची छाटणी करायची आहे, हे माहीत आहे. त्याला हसू आले आणि त्याने एक सुगी दिली.

त्या सुगीचे सगळे दाणे स्वीकारले गेले. एकही पोते बाजूला पडले नाही. नंतर भाऊबंद लामरियाच्या घरी चटईवर जेवायला बसले. मसाल्यात आटवलेला मोठा मासा मधोमध होता. फळ्यांच्या फटींतून मला वरचे सगळे ऐकू येत होते. मारिहोतने घसा साफ केला. “वरचा उतार मी या मुलीला देतोय,” तो म्हणाला. “सून म्हणून कुठंही जाऊ दे. कसत राहिली तोवर तिचाच. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा.”  एका म्हाताऱ्याने फक्त भात वाढायला सांगितला. त्याच उताराचा खालचा भाग मारिहोतने स्वतःकडे ठेवला. तिथे आज कोबी आहे.

चार घरे अजून बंदच आहेत. ती उघडतील असे मी म्हणत नाही. पण परवा संध्याकाळी मारिहोत स्वतःच्या परसातल्या कॉफीच्या फळांची एक टोपली घेऊन आला आणि सोंदांगचे आवरेपर्यंत माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने काही असेल, तर त्याला पुसा, तेल द्या. पण त्याचे नुसते कौतुक करू नका. कुठे चुकते ते त्याला सांगा, आणि सांगून निघून जाऊ नका. हातोडी घेऊन त्याच्याजवळ बसा. माझ्यासाठी एक माणूस नऊ दिवस बसला होता.