तुंबलेली नाव

केराबाईच्या काठीचा पहिला तडाखा पाठीत बसला, तेव्हा सिद्धप्पाचा उजवा हात नावेच्या बुडाशी कोपरापर्यंत पाण्यात होता. तो वळला नाही. दुसरा तडाखा मानेवर आला. तरी त्याने हात बाहेर काढला नाही.

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या पुढल्या श्रावणातली ही गोष्ट. इकडे थेंब नव्हता, पण वर घाटात कोसळत होतं आणि भीमा गढूळ होऊन दोन्ही काठ खात होती. पलीकडे चरायला गेलेले धनगर मेंढरं घेऊन घाईने परतत होते. केराबाई त्यातलीच. नवरा गेल्यापासून दीर मायाप्पाच्या जोडीने ती कळप राखायची.

सिद्धप्पा मिसरूड फुटल्यापासून त्या नावेवर होता. नावेच्या तळाला आडव्या फासळ्या, त्यांवर पाय ठेवायला सुट्या फळ्या, आणि प्रत्येक फासळीच्या बुडाशी एकेक भोक. झिरपलेलं पाणी त्या भोकांतून वाहत मागच्या खळग्यात यायचं, तिथून तो ते डब्याने उपसायचा. लेंड्या-लोकरीने भोकं तुंबली की पाणी पुढेच साचायचं आणि नाव नाक खाली घालायची. सकाळपासून नुसती मेंढरंच उतरवून झाल्यावर त्याने ठेकेदार चनबसप्पाला सांगून पाहिलं होतं, की फळ्या उचलून भोकं साफ करू द्या, मग पुढची खेप. पाणी चढतंय, माणसं तिष्ठतायत, असं म्हणून चनबसप्पाने सुकाणू धरलं होतं.

केराबाईचा कळप भरून निघालेल्या त्या खेपेत ऐन धारेत नावेचं नाक पाण्याला टेकलं. मागचा खळगा कोरडा आणि पुढच्या फळ्यांवर पाणी, हे पाहताच सिद्धप्पा काय ते समजला. त्याने मायाप्पाला फळीवरची मेंढरं हलवायला सांगितली. पण हलवणार कुठे? मुंगी शिरायला जागा नव्हती. सिद्धप्पाने हाताशी आलेल्या मेंढीचे पाय धरले आणि तिला नदीत लोटलं.

"गाभन हाय ती," केराबाई म्हणाली.

त्याने दुसरी लोटली. तिसरी लोटली आणि मोकळी झालेली फळी उचलली. मायाप्पा अंगावर धावला, तशी सिद्धप्पाने हातातली ती फळी त्याच्या तोंडावर हाणली. मायाप्पा रक्त ओकत मेंढरांत कोसळला. सिद्धप्पा मोकळ्या जागेत पालथा पडला, हात खाली घातला, आणि केराबाईची काठी सुरू झाली.

मायाप्पा उठला तो डहाळ्या तोडायची कुऱ्हाड घेऊनच. सिद्धप्पाचा डावा पंजा फासळीवर रोवलेला होता. मायाप्पाने कुऱ्हाडीची बोथट बाजू त्यावर घातली. हाडं मोडल्याचा आवाज केराबाईलाही ऐकू आला. सिद्धप्पाच्या घशातून जनावरासारखा हुंकार निघाला, पण उजव्या हाताची बोटं भोकात उकरतच राहिली. मग मूठभर लोकर आणि लेंड्यांचा लगदा सुटून आला. पाणी घुसळत मागे धावलं. चनबसप्पा शिव्या देत डब्याने उपसू लागला आणि नावेचं नाक हळूहळू वर आलं.

काठावर लागल्याबरोबर मायाप्पाने सिद्धप्पाला चिखलात ओढलं आणि छातीवर गुडघा रोवला. माणसं जमली. चनबसप्पाने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "भोकं साफ ठिवायचं काम ह्येचं. सकाळधरनं हात लावला न्हाय ह्येनं."

मायाप्पाच्या बुक्क्या सिद्धप्पाच्या तोंडावर बसत होत्या. नाक फुटलं, ओठ फाटला. गर्दीतल्या कुणीतरी लाथही घातली.

केराबाईने काठी टाकली आणि दिराचं मनगट धरलं.

"सोडा त्येला, भावजी."

"तीन मेंढ्या घालवल्या की ह्येनं."

"व्हय. पन आपुन हितं उभं हाव."

मायाप्पा उठला. केराबाईने पदराची पट्टी फाडून सिद्धप्पापुढे धरली. त्याने ती घेतली, दातांनी ओढून पंजाभोवती गुंडाळली आणि धडपडत परत नावेत चढला.

पलीकडे जाणारी माणसं खोळंबली होती. त्याने कुणाला चढू दिलं नाही. एका हाताने फळी उचलायची, बाजूला ठेवायची, खाली वाकून भोक उकरायचं. चनबसप्पाने हाका मारल्या, धमकावलं, मग तो काठावर जाऊन बसला.

केराबाई काठाकाठाने खाली निघाली होती. वळणापर्यंत ती नदीकडे तोंड करून वाहून गेलेल्या मेंढ्यांना हाळी देत गेली. सिद्धप्पाला ती ऐकू येत होती. त्याने मान वर केली नाही. पुढच्या फळीखाली हात घातला.