खाऱ्या पाण्याला जागा

बेबाबाईने तांब्या टेबलावर आपटला. "चुडामण भाऊ, चाखी देख."

चुडामणने घोट घेतला आणि दाराबाहेर जाऊन थुंकला. मग सवयीने खार मोजायचा मीटर तांब्यात बुडवला. विहिरीच्या पाण्यात एवढा खार त्याने कधी पाहिला नव्हता.

"बठ्ठं गाव गोड पानी पेस," बेबाबाई म्हणाली, "आनि त्याना खार मन्ही विहीरमा. लिंबूना तीस झाडं वाळी गयात. तुले दिसत नही का?"

दिसत होतं. दोंडाईच्याजवळच्या त्या गावात पाणी शुद्ध करायचं यंत्र सहा वर्षं तोच चालवत होता. बोअरचं खारं पाणी आत जायचं, निम्मं गोड होऊन टाकीत पडायचं. उरलेल्या निम्म्यात सगळा खार गोळा होई आणि ते मागच्या पाइपातून नाल्यात जाई. नाला बेबाबाईच्या बांधाला लागून होता.

पण यंत्र बंद करा, हे त्याच्या तोंडून निघालं नसतं. त्याची बायको सुंदरबाई किडनीच्या दुखण्याने धुळ्याच्या दवाखान्यात वारली. जड पाण्याने त्रास वाढला असावा, असं डॉक्टर म्हणाले होते. वर्षभराने यंत्र आलं. पहिला हंडा चुडामणनेच भरला आणि घरी कुणासाठी न्यायचा ते न सुचून तो तसाच उभा राहिला होता.

महिन्याच्या तपासणीला भूषण इंजिनिअर आला, तेव्हा चुडामणने विचारलं, "साहेब, ह्या मागच्या पाण्याचं काही करता येत नाही का?"

"येतं ना, काका. यंत्राने पार आटवता येतं. पण गोड पाण्याला येतो त्याच्या चौपट खर्च. वीजबिलच पंचायतीला झेपायचं नाही." भूषणने हात पुसले. "स्वस्तातलं एकच. जाड प्लॅस्टिक अंथरून उथळ तळं करायचं आणि पाणी उन्हात उडू द्यायचं. अर्धा एकर तरी लागेल. ती जमीन मग शेतीतून गेली समजा. आणि पावसाळ्यात तळं भरून वाहणारच."

"खाली उरेल तो खार?"

"तो कुठे टाकायचा, ते मलाही अजून कुणी नीट सांगितलेलं नाही."

ग्रामसभेत प्लॅस्टिकचा खर्च मंजूर झाला. जमीन कोण देणार, असं सरपंच प्रेमराज यांनी दोनदा विचारलं. जमीन नसेल तर यंत्रच बंद करावं लागेल, असंही ते म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, "एक विहिरना साठे बठ्ठा गावले खारं पानी पाजानं का?" बेबाबाई तिथेच बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.

चुडामण उठला. "मन्हं वीस गुंठा वावर शे. ते ल्या."

त्याच्याजवळ तेवढंच होतं. सुंदरबाई होती तोवर दोघं तिथेच राबत.

सुरतेहून मुलीचा, मेघाचा फोन आला. "आबा, मला विचारलंसुद्धा नाहीस?"

"इचारतू तर तू नही म्हनती."

तिने फोन ठेवला. पुढे कित्येक महिने केला नाही.

तळं झालं. उन्हाळ्यात पाणी उडायचं आणि पावसाळ्यात फुगून पुन्हा नाल्याला लागायचं. बेबाबाईच्या विहिरीत फार फरक पडला नाही. जमिनीत मुरलेला खार निघायला वर्षं लागतील, असं भूषण म्हणाला. तिने वाळलेली झाडं तोडून सरपणाला नेली. तरी तिच्या विहिरीतला खार चुडामण दर सोमवारी मीटरने बघायचा. आकडा चढत नव्हता. तेवढं तो तिला सांगायचा आणि ती मान हलवायची.

दुपारी यंत्र बंद करून तो एकटाच तळ्यातला खार खरवडून पोत्यांत भरायचा. पोती कुणी नेईना. ती त्याने घरातच रचली. आधी ओसरीवर, मग मधल्या खोलीत. झोपायला चुलीपुढची जागा उरली.

दुसऱ्या उन्हाळ्यात मेघा आली. न कळवता आली. घराला कुलूप बघून सरळ तळ्यावर गेली. गमबूट घातलेला बाप पांढऱ्याफटक उजेडात वाकलेला होता. तिला बघून तो फावडं टेकून उभा राहिला. 

तळ्यावरून नजर फिरवून तिने विचारलं, "आबा, आई भाकर खायला कुठे बसायची?"

चुडामणने चारी बाजूंना पाहिलं. बांध गेले होते, ती सावलीला बसायची ते झाड गेलं होतं, सगळं एकसारखं सपाट झालं होतं. त्याने हात उचलला आणि अंदाजाने मधेच कुठेतरी बोट दाखवलं.

मेघाने चपला काढल्या आणि ती तिकडे तोंड करून काठावर बसली.