लाल पट्टी

वधूवर सूचक मंडळाचं ॲप मीच केलं, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. स्थळांच्या यादीतलं एखादं नाव बोटानं डावीकडे सारलं की ते कायमचं जायचं. सारताना लाल पट्टी यायची, तिच्यावर मी 'नकार' लिहिलं होतं. नंतर पाच सेकंद 'परत आणा' असंही दिसायचं. मंडळाचे वीरभद्रप्पा म्हणाले, लग्नाच्या कामात नकार हा शब्द बरा दिसत नाही, काढ. परत आणायची सोयही काढ, लोक दहादा मन बदलतात. मी दोन्ही काढलं. नुसती लाल पट्टी राहिली.

रविवारी अक्कलकोटच्या महानंदाबाई आपल्या मुलासाठी, मंजुनाथसाठी, मला बघायला आल्या. हे सातवं स्थळ. अप्पांनी त्यासाठी हॉलला नवा रंग दिला होता. पोहे संपल्यावर बाईंनी मोबाईल पुढे केला. ॲप तूच केलंस म्हणे, मग नको ते स्थळ कसं काढायचं तेवढं दाखव. मी मूर्ख, कौतुकच समजले आणि त्यांचं बोट धरून शिकवलं. बाईंनी यादी सरकवली, माझ्या फोटोवर थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि बोट डावीकडे ओढलं.

शेजारून डोकावणाऱ्या अप्पांना फक्त रंग दिसला.

"कुंकवाचा रंग आला की," ते म्हणाले आणि अव्वाला, माझ्या आईला, हाक मारली. "रत्नम्मा, साखर आण."

बाईंना एका शब्दात सांगता आलं असतं. त्यांनी साखर तोंडात टाकली, पदराला बोटं पुसली आणि हसत निघाल्या. त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. पण अप्पांचे डोळे भरून आले होते, म्हणून मीही गप्प बसले. ते माझं चुकलं.

बाईंना रिक्षात बसवून अप्पा वर आले ते माझा फोन मागतच. मी अडवेपर्यंत त्यांनी मंजुनाथचा फोटो शोधला होता.

"आपला पण होकार कळवून टाकू," म्हणत त्यांनी बोट डावीकडे ओढलं. लाल पट्टी आली. मग पट्टीही गेली आणि मंजुनाथही.

"दानव्वा, पोरगा कुटं गेला? परत आण की."

"येत नाही, अप्पा," मी म्हणाले आणि त्या रंगाचा अर्थ सांगितला.

अप्पा खाली बसले. अव्वा मात्र घरात नव्हती. ती वाटी घेऊन शेजारच्या फ्लॅटमध्ये साखर वाटायला गेली होती.